तेजश्रीचं रिसेप्शन समुद्रावर का झालं नाही

मु. पो. चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड

चिरंजीव परमेश्वर यास,

दाजीचा आशीर्वाद. घेणार असलास तर घे, नाहीतर पाकिटातच राहू दे, खराब होणारी वस्तू नाही. इकडे सगळे खुशाल आहेत. तुझी बहीण वनमाला गुडघा सोडून खुशाल आहे. शेळीला दोन करडं झाली, तीही खुशाल आहेत. तुझी तब्येत कशी आहे हे विचारण्याचं मला काही कारण नाही, पण वनमालेला आहे, म्हणून विचारतो. पत्र अशासाठी की तुझ्या मोबाइलला माझा नंबर लागत नाही. एक बाई लागते. सहा वर्षांत तिची माझी बरीच ओळख झाली आहे, पण लग्नाचं आवतण तिच्याजवळ देणं बरं दिसत नाही. वनमालेचा फोन तू उचलतोस, भाऊबीजेला तीन मिनिटं बोलतोस, आणि उरलेलं वर्ष ती त्या तीन मिनिटांवर काढते. तिने तुला सांगितलंच असेल की तेजश्रीचं लग्न ठरलं. मुलगा युसूफ वडगाव या गावचा, नोकरीला पुण्यात. मामा म्हणून येशील का, असं तिने विचारलं तेव्हा तू ‘बघू’ म्हणालास म्हणे. त्या ‘बघू’चं काय करायचं ते आम्हाला कळेना. तुमचा चुलतभाऊ हरिबा मामाच्या जागी उभा राहायला तयार आहे (त्याने शर्ट-पॅन्टही शिवून घेतली, मापं द्यायला मीच सोबत गेलो होतो), त्यामुळे तू मनाला लावून घेऊ नकोस. या पत्रात काही मागणं नाही. फक्त हकिकत कळवतो.

तर झालं असं की तेजश्रीने हट्ट धरला, लग्न गावात होऊ द्या पण रिसेप्शन समुद्राच्या काठच्या हॉटेलात पाहिजे. आता पोरीचा हट्ट, बापाने काय करायचं? हॉटेल बघायला मी आणि वनमाला निघालो. गेवराईहून पुणे, पुण्याहून दापोली, दोन्हीकडे एस.टी. घाटात वनमालेने डोळे मिटून घेतले ते थेट स्टँडवरच उघडले (मी उघडेच ठेवले होते, कारण ड्रायव्हरचे उघडे आहेत की नाहीत यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं). दापोलीच का, असं तू विचारशील. योगायोग. तुझी शाळा त्याच तालुक्यात आहे हे मला तिथली पाटी बघितल्यावर आठवलं.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती. सकाळी दहाला पोचलो तेव्हा समुद्र अगदी पायऱ्यांपर्यंत होता. परमेश्वर, इतकं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. मी चपला काढून हातात घेतल्या. वनमाला बघत राहिली आणि मग मला म्हणाली, “आवं, युवढं पानी हाय तर ह्ये लोक प्यायला बाटली कावून देतेत?” मी तिला खाऱ्या पाण्याचं समजावलं, तर तिने एक चूळ भरून खात्री करून घेतली आणि मॅनेजरकडे अशा नजरेने बघितलं की जणू त्यानेच मीठ टाकलं होतं. जागा पसंत पडली. जेवलो. तीन वाजता पुन्हा खाली उतरलो तर समुद्र गायब! जिथे लाटा होत्या तिथे ओली वाळू, दोन कुत्री आणि एक चप्पल. आमच्याकडचा तलावसुद्धा आटायला चैत्र उजाडतो, आणि हा एका जेवणात आटला. मी मॅनेजरला स्पष्ट सांगितलं की सकाळी दाखवलेला माल आणि आताचा माल यात फरक आहे. तो बिचारा भरती-ओहोटी समजावून सांगू लागला, चंद्रापर्यंत गेला. मी म्हटलं, चंद्राचं राहू द्या, आमच्या तारखेला संध्याकाळी सातला पाणी राहील असं लिहून द्या. त्याने मोबाइलमध्ये बघितलं आणि त्या दिवशी सातला ओहोटीच आहे म्हणाला. मग मी आवाज खाली करून विचारलं, हे कुणाच्या हातात असतं? पाटबंधारे खात्यात आपल्या ओळखीचे एक साहेब आहेत, दोन तास पाणी सोडायचं असेल तर शब्द टाकून बघतो. त्यावर त्याने मला खुर्ची दिली आणि प्यायला पाणी मागवलं. मोठा सभ्य मुलगा.

त्यानंतर माणसं किती, हा विषय निघाला. मी दीडशे म्हणालो, त्याने दीडशे लिहिलं, हात मिळवला, चहा मागवला. चहा येईपर्यंत म्हणून मी सहज विचारलं, चौदा टेंपो आणि दोन ट्रॅव्हल्स कुठे लावायच्या? तुला सांगायला नको, आपल्याकडे माणसं कोण मोजतं? आपण घरं मोजतो. दीडशे घरांना चूलबंद आवतण, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, म्हातारी-कोतारी, तान्ही पोरं, त्यांच्याकडे आलेला पाहुणा, सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. मॅनेजरने पुन्हा विचारलं की नक्की आकडा किती. मी म्हटलं, ते ज्याच्या त्याच्या घरावर आहे, आपण कसं सांगणार? चहा आला पण त्याने घेतला नाही.

मी असा बोलण्यात गुंतलो असताना वनमाला एकटी वाळूतून चालत पाण्यापर्यंत गेली. येताना तिने खण-नारळ आणला होता, हे मला तेव्हा कळलं. तिने समुद्राची ओटी भरली. नारळ सोडला, तो लाटेने परत आणला. पुन्हा सोडला, पुन्हा परत. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा तिने तो उचलला, पदराने पुसला आणि मला विचारलं, “आपल्या परमेश्वरचं गाव कुन्या अंगाला पडतंय वो?” मला माहीत नव्हतं, तरी मी हात करून एक दिशा दाखवली. ती तिकडे तोंड करून उभी राहिली. मी हाक मारली नाही. परमेश्वर, मी रागीट माणूस आहे, पण आंधळा नाही. माझ्या घरात ही बाई सहा वर्षं अर्धीच राहते आहे. गावची कुणी बाई माहेरी निघाली की ही तिला वेशीपर्यंत पोचवायला जाते आणि मग परत यायला हिला फार वेळ लागतो.

असो. हकिकत संपली. तुझ्या सौ.ला आणि पोरांना आशीर्वाद. प्रकृतीस जपावे, तिकडे दमट हवा आहे म्हणतात.

तुझा दाजी,
गहिनीनाथ

ता. क. हॉटेलवाल्याचा काल फोन आला. त्यांच्याकडे त्या तारखेला जागा नाही, त्याच्या आदल्या तारखेला नाही, आणि मी सांगेन त्या कुठल्याही तारखेला नाही. म्हणजे आता जे काही होईल ते चकलांब्यातच, आपल्या शेतात.

ता. क. दुसरा. तेजश्रीने समुद्राचा हट्ट धरलेला नाही. तिला विचारशील तर ती म्हणेल, ‘बाबालाच काय झालं कुणास ठाऊक.’ सहा वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या पोराच्या, जीवनच्या लग्नात मामाचा म्हणून काढून ठेवलेला फेटा मी अवचित आलेल्या पुढाऱ्याच्या डोक्याला बांधला आणि भर मांडवात तुझ्या हातात टॉवेल-टोपी दिली. तू न जेवता उठलास आणि या गावात पाय ठेवणार नाही म्हणालास. मीही तुझ्या उंबऱ्याला येणार नाही म्हणालो. मग मी विचार केला, तो येत नाही, आपण जात नाही, तर कार्यच उचलून त्याच्याजवळ न्यावं, पाहुण्यासारखा तरी येईल. चूक माझी होती. पुढारी त्यानंतर पुन्हा कधी आला नाही. तू माझा मेहुणा होतास.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. मंगळवारी, म्हणजे हॉटेल बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी, तुझ्या शाळेच्या फाटकाला जी पिशवी अडकवलेली सापडली, बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी, ती आमचीच. आम्ही रिक्षाने आलो होतो. खिडकीतून तुझा आवाज येत होता, पोरांकडून पाढे म्हणून घेत होतास. वनमाला भिंतीला हात लावून सतराच्या पाढ्यापर्यंत उभी होती. आत जाऊ म्हणाली नाही, कारण तिने माझ्याकडे बघितलं आणि मी रिक्षाकडे बघत होतो. त्याबद्दल वेगळी माफी मागतो. तेव्हा वर काही मागणं नाही असं लिहिलं आहे ते खोडलं असं समज. मुहूर्त वैशाखात आहे, तुझ्या शाळेला तेव्हा सुट्टी असते हे मी कॅलेंडरात बघून ठेवलं आहे. वेळ दुपारी साडेबाराची. हरिबाला मी सांगून टाकलं आहे की कपडे तेच घाल, पण पंगतीत वाढायला. आणि भटजींना बजावलं आहे की मामा आल्याशिवाय पोरगी बोहल्यावर चढणार नाही, मग दिवस मावळला तरी चालेल. भटजी वयाने ऐंशीच्या घरात आहेत, ऊन कडक असणार. जरा लवकर ये.