ओढ्यापलीकडचं पाणी

प्रिय माला,

फोनवर मी नुसती काळजी करत बसतो आणि तू "नाना, ठेवते आता" म्हणून बंद करतेस. म्हणून लिहायला बसलोय. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचं पत्र आहे, सांभाळून घे. इथे बेलापुरात सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा तसाच दुखतो. मला झोप नाही, पण ते काही नवं नाही.

तुझ्या गावच्या बातम्या इथे बाजारापर्यंत येतात. ओढ्यापलीकडच्या गावाची विहीर आटली आणि तू सरपंच म्हणून तुमच्या विहिरीवर त्यांचा पिण्याचा टँकर भरू दिलास, तोवर लोक कुरकुरत होते एवढंच. पण तू त्या गावात पाहणीला गेलीस, बायकांनी तुझी ओटी भरली, साडी दिली, आणि दुसऱ्याच दिवशी ती नेसून तू ग्रामपंचायतीत आलीस! ओटी नाकारता येत नाही हे मलाही कळतं गं. पण नेसायची एवढी घाई कशाला? तेव्हापासून "सरपंचबाईनं साडीवर पानी इकलं" असं पारावर चाललंय. तुमच्या शेजारची बनुबाई बाजारात भेटली, तर चार माणसांत विचारते कशी, "व्याही, काठ जरीचा हाय का वो?" मी हसून घेतलं. घरी येऊन जेवलो नाही.

तुला ठाऊक आहे, माझा जन्म आमदारसाहेबांची गाडी चालवण्यात गेला. साहेब वाईट नव्हते. एकदा एका बंधाऱ्यावरून दोन गावं भांडत होती. वरच्या गावाला भिंत उंच हवी होती. साहेबांनी शब्द दिला, हार घेतला. खालच्या गावाला भिंत वाढायला नको होती. तिथेही शब्द दिला, हार घेतला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मच्छिंद्र, लोकांना काय ऐकायचंय ते आधी ओळखावं, मग तोंड उघडावं." मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. साहेब दर निवडणुकीला निवडून आले. बंधारा अजून अर्धाच आहे.

तू सहावीत असताना मी तुला नगरचा किल्ला दाखवायला नेलं होतं. साहेबांच्या पाहुण्यांना माहिती सांगायचे ती ऐकून ऐकून मला थोडं येत होतं. चांदबिबीनं मोगलांना कसं थोपवलं, खिंडार कसं रातोरात बुजवलं, ते मी तुला हातवारे करून सांगितलं. पुढे पुन्हा वेढा पडला, तेव्हा तिला वाटलं, आता बोलणी करून आतली माणसं वाचवावीत. तर ही फितूर झाली म्हणून तिच्याच लोकांनी तिला मारलं. तू विचारलंस, "मग किल्ला वाचला का?" मी म्हणालो, नाही, पडला. हल्ली ते सारखं डोक्यात येतं. लढणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. थांबा, जरा समोरच्याचंही बघू, असं म्हणणाऱ्याला का घेत नाहीत?

आणि परवा तुमच्याकडे अहिल्यादेवींची जयंती झाली. डीजे होता म्हणे, गुलाल होता. त्या बाईनं आपल्या राज्याबाहेर कुठे कुठे विहिरी बांधल्या, घाट बांधले. त्या मुलखातून तिला कुठली मतं मिळणार होती? मी अडाणी, मला राज्यकारभारातलं काय कळतं. पण जिल्ह्याला तिचं नाव दिलं आणि पलीकडच्या गावाला घागरभर पाणी द्यायचं म्हटलं की सदस्य अविश्वासाच्या ठरावावर सह्या करतात, याचा मेळ मला लागत नाही.

आता खरं सांगतो. काल तुमचे उपसरपंच इथे येऊन गेले. बरोबर तुझे दीर होते आणि जावईबापूही. म्हणाले, "तुमी बाप हायेत, तुमचं ऐकंल ती. टँकर बंद कर म्हनावं, आमी ग्रामसभेत समदं मिटवून घेतो. न्हाई तर मंगळवारी मतदानात पडंल, आन् मग घरात बी अवघड हुईल." जावईबापू मान खाली घालून चहा पीत होते. शेवटी एवढंच बोलले की चार महिने माहेरी राहिली तर बरं. मी भ्यालो गं. उद्याच लिहितो, असं त्यांना कबूल केलं. तेच लिहायला हा कागद घेतला होता. सकाळपासून बसलोय, पण टँकर बंद कर हे शब्द माझ्या हातून उतरत नाहीत. मंगळवारी पहिल्या गाडीनं मी ग्रामसभेला येतोय. तुमच्या गावात मला मत नाही, पण बापाला खाली बसायला कोण नाही म्हणेल? पुढेच बसेन. पडलीस तर आपण दोघं मिळून बेलापूरला येऊ. तुझ्या आईनं आतली खोली झाडायला घेतली आहे.

तुझाच, भित्रा,
नाना