कोड : लुंबिनी

इस्लापूर, ता. किनवट
दि. १४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय दाजी,
सप्रेम जयभीम.

सोयरीक मोडल्यावरही दाजी लिहावं का, यावर बराच विचार केला. दुसरा शब्द सापडला नाही. तुमच्याकडे लातूरला सगळे बरे असतील. इकडे आई बरी आहे. धबधब्याला अजून चांगलं पाणी आहे. तुम्ही फोन उचलत नाही आणि तुमचे रामकिशनकाकाही उचलत नाहीत, म्हणून हे पत्र. मी बारावी नापास आहे, पण प्रत्येक ओळ तपासून लिहितो आहे. शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही सगळे आमच्याकडे आलात त्या दिवशी तुमच्या आत्या हात धुवायला आत गेल्या, तेव्हा फळीवर त्यांनी जो खोका पाहिला, त्यावरचं अक्षर माझं आहे. त्यावर लिहिलं होतं : ‘कोड : लुंबिनी. पांढरा डाग मोठा, दोन्ही बाजूंना.’ बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “चहा नको, मला बीपी हाय,” आणि तुम्ही सगळे उठलात. आम्हाला वाटलं, खरंच त्यांना बरं नाही.

दाजी, त्या खोक्यात फुलपाखरं आहेत.

नांदेडच्या शिल्पा मॅडम डोंगरातल्या फुलपाखरांचा अभ्यास करतात. त्यांच्याबरोबर मी जाळी घेऊन फिरतो, पकडलेली फुलपाखरं खोक्यात लावायला मदत करतो. त्यात एक तपकिरी फुलपाखरू आहे. आमच्या किनवटच्या डोंगरात त्याच्या पुढच्या दोन्ही पंखांवर नखाएवढा पांढरा डाग असतो. तेच फुलपाखरू तुमच्याकडच्या बालाघाटात सापडतं, तर डाग तिळाएवढा, काहींना नाहीच. मॅडम म्हणतात, ही चुलत भावंडं आहेत. मधे सगळं सपाट सोयाबीनचं रान, म्हणून कित्येक पिढ्या एकमेकांकडे जाणं-येणं नाही, आणि रंग वेगळे होत गेले. असं का झालं, हे त्यांनाही अजून नक्की सांगता येत नाही.

पुढे डाग मोजणाऱ्याला फुलपाखरू कुठल्या डोंगरातलं हे कळू द्यायचं नसतं. कळलं की नजर आधीच ठरवून बघते. म्हणून खोक्यावर डोंगराचं नाव न लिहिता दुसरंच एखादं नाव लिहायचं. त्याला इंग्रजीत कोड म्हणतात. मॅडम म्हणाल्या, “नावं तूच दे.” मी आमच्या डोंगराला बहिणीचं नाव दिलं, बालाघाटाला आईचं. कौतुकानं दिलं. मॅडम इंग्रजीत लिहितात, मी मराठीत लिहिलं, आणि मराठीत तो कोड आणि अंगावरचं कोड एकाच अक्षरात येतं. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक न सोडणाऱ्या मला हे दिसलं नाही.

मध्यस्थ ग्यानोबामामांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “इनोद, तुझ्याच हातानं लिवलंस. आता फुलपाखराचं सांगून कोण ऐकतंय?” आई म्हणाली, “बहिणीचं नाव पाखराला कशाला दिलंस? गल्लीतल्या कुत्र्याला दिलं असतंस तर निदान भुंकून तरी सांगितलं असतं त्यानं.”

हसण्यासारखं आहे. घरात कोणी हसत नाही. बातमी तुमच्याकडून ग्यानोबामामांकडे आणि तिथून सगळ्या गावात आली. आता घरी बाई आली की लुंबिनी आधी बाह्या वर करून दोन्ही हात दाखवते, मग पाणी देते. तिला कोणी दाखव म्हणत नाही. काल उसनं पीठ मागायला आलेल्या लहान पोरीलाही तिनं हात दाखवले.

~~तुमच्याकडच्या बायकांनी येऊन तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहावं. आमची हरकत नाही.~~

आमच्या घरात कोणालाही हा आजार

हे वाक्य मी पुरं करू शकत नाही. वरचं सगळं खरं आहे, फुलपाखरंही खरी आहेत, पण एवढ्यावर पत्र बंद केलं तर ते खोटं होईल. माझ्या डाव्या मनगटावर डाग आहे. घड्याळाच्या पट्ट्याखाली. आधी वाटलं, पट्ट्यानं कातडी सोलली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोड आहे. शिवल्यानं होत नाही, जिवाला धोका नाही, बहिणीला होईलच असं नाही, कधीच होणार नाही असंही सांगता येत नाही. मी घड्याळ काढत नाही. आंघोळीलाही नाही. तुमच्या आत्यांनी चुकीचं वाचलं, पण घर बरोबर ओळखलं.

इथपर्यंत लिहून मी पत्र लुंबिनीला वाचायला दिलं.

तिनं सावकाश वाचलं. माझा हात ओढून घड्याळ काढलं.

“कवापासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“म्हणजे मी गावाला हात दाखवून राहिले, आन् तू बघत बसलास.”

मग तिनं पेन घेऊन वरच्या दोन ओळी खोडल्या. त्या तिनं खोडलेल्या आहेत, माझं खाडाखोडीचं पत्र समजू नका. म्हणाली, “मी काय बाजारातली शेळी हाय का, दात बघून घ्यायला? त्यांना एकच इचार. लग्न झाल्यावर मला डाग आला असता तर काय केलं असतं?”

“एवढं सरळ कसं लिहू?”

“मग वाकडं लिही. तुला जमतंय ते.”

सरळच लिहितो. दाजी, काय केलं असतं?

उत्तर तुम्ही एकट्यानं द्यावं, काकांना किंवा आत्यांना न विचारता. सोडलं असतं, असं उत्तर असेल तर तेही लिहा. ती म्हणते, गप्प बसण्यापेक्षा ते बरं. मला तसं वाटत नाही. तुमचं पाकीट आलं तर ते फोडायला माझा हात होणार नाही, म्हणून वर तिचंच नाव लिहा.

ती फोडेल.

तिचा भाऊ,
विनोद