बदकाच्या चित्राची व्हॅन

प्रिय अरे,

हाक हीच ठेवते. चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणायचे, तुझ्या आईसमोर तर जरा जास्तच वाकून 'अहो', पण व्हॅनचं दार धाडकन लागलं की 'अरे'. दार उघडलं की पुन्हा 'अहो'. एकदा घाईत जिन्यातच 'अरे' निघालं होतं तोंडातून आणि शेजारची बाई आ वासून बघत राहिली होती, आठवतंय? हे पत्र मी व्हॅनमध्ये बसून लिहितेय, दोन्ही दारं लावून, स्टिअरिंगवर तुझ्या नळांच्या खोक्याचं झाकण आडवं ठेवून. तेव्हा अरेच.

आधी व्हॅनची खुशाली सांगते, कारण तू असतास तर माझ्याआधी तिचीच विचारली असतीस. पांढरा रंग आता पिवळट झालाय. मागच्या दाराची कडी सैल आहे, ती मी सुतळीने बांधते. बाजूवरची निळी अक्षरं मात्र शाबूत आहेत, 'गळती, तुंबलेलं, नळजोडणी', खाली आपल्या घरचा फोन, आणि शेजारी पेंटरने काढलेला तो नळ. नळ कसला, बदकच ते. चोच, मान, वर चाकाचा तुरा, आणि चोचीखाली पडणारा थेंब. आपली पोर लहानपणी म्हणायची, बदकाने अंडं घातलं. तू पेंटरशी भांडायला गेलास आणि त्याच्याकडे चहा पिऊन परत आलास. पुसून घेऊ म्हणालास, कधी पुसलं नाहीस. गल्लीतली पोरं अजून 'बदकगाडी आली' म्हणून ओरडतात.

तू गेलास त्याला आता आठवं वर्ष. मी सगळ्यांना 'गेला' असंच सांगते, 'हरवला' म्हणत नाही. पोरीने तसं म्हणायला लावलं. म्हणाली, "आई, हरवलेला माणूस वेगळा आणि गेलेला वेगळा. बाबा चावी खुंटीला लावून, घड्याळ टेबलावर ठेवून, दाढी करून गेले. हरवणारा दाढी करत नाही." तिचं काय चुकलं? चौकीवरचा साहेबही तेच म्हणाला, पुरुष माणूस आहे, शहाणासुरता आहे, आपल्या पायांनी गेला, आम्ही काय करणार. माझा भाऊ तर कधीच तुझ्या बाजूचा नव्हता. तो म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला समज. त्याला मी वर्षभर घरात घेतला नाही.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी खाली आले. तू माल भरणार, मी मागचं दार लावणार आणि दारावर दोन थापा मारणार. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. लग्नानंतर तू मला शिकवलेलं पहिलं काम तेच. व्हॅन जागेवर होती. पाइप भरलेले, पान्यांची पेटी भरलेली, मागचं दार उघडं. मला वाटलं, वर काही विसरलास म्हणून गेला असशील. मी दार लावलं आणि हात तसाच दारावर ठेवून उभी राहिले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने तुला बसथांब्याकडे जाताना पाहिलं होतं, रिकाम्या हातांनी. तोही पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलताना कपड्यांकडेच बघायचा.

का गेलास हे मला माहीत नाही. शेवटच्या वर्षात तू कामावरून यायचास आणि वर न येता व्हॅनमध्येच बसून राहायचास. मी खिडकीतून बघायचे. चहा घेऊन खाली आले की काच खाली करायचास, कप घ्यायचास, रिकामा कप परत द्यायचास. मी विचारलं तर म्हणायचास, काही नाही गं, पाय आखडलेत. मी खूप डोकं चालवलं या सगळ्यावर. शेवटी हात टेकले. माणूस म्हणजे काही बेसिन नव्हे, की खालचं वेटोळं उघडलं आणि कशाने तुंबलंय ते हातात आलं.

मग व्हॅन मीच चालवायला लागले. लोकांना वाटलं, चार दिवस चालवेल आणि विकून एखादी बाईमाणसाची गाडी घेईल. मी चष्म्याच्या दुकानात कामाला जाते ती व्हॅनमधून, भाजीला जाते ती व्हॅनमधून, पोरीला परीक्षेला सोडलं तेही व्हॅनमधून, आणि ती लाजून एक चौक आधीच उतरली. तुझं सामान मी काढलं नाही. प्रत्येक गतिरोधकावर मागे पाइपांचा खडखडाट होतो आणि मी मनात म्हणते, हळू. एकदा टोमॅटो घरंगळून तुझ्या जोडण्यांच्या पोत्यात गेले, ते वासावरून सापडले. आमचे दुकानमालक तर कपाळाला हात लावतात. म्हणतात, "ताई, दुकानासमोर नका हो लावू. गिऱ्हाइकांना वाटतं आमचं गटार फुटलंय." तळघरातल्या पार्किंगला ती उंचीमुळे जात नाही, त्यामुळे मी कुठेही गेले तरी लांब लावून चालत येते. कुणाच्या लग्नाला गेले की रखवालदार हात करून मागच्या फाटकाकडे पाठवतो, आणि मी भरजरी साडीत, हातात भेटवस्तू घेऊन, भांडी घासणाऱ्या बायकांमधून आत जाते. त्या आता मला ओळखतात. एकीच्या घरचा गळका नळ मी वायसर बदलून बंद करून दिला.

हो, तेही शिकले. शिकणं भागच होतं. बाजूवरचा फोन वाचून लोक फोन करायचे. पहिली दोन वर्षं मी म्हणायचे, कामावर गेलेत, संध्याकाळपर्यंत येतील. मग लोक संध्याकाळी पुन्हा करायचे. नंतर मी त्यांना आधी मेन कॉक बंद करायला सांगायचे आणि मग त्या तुझ्या टकल्या दोस्ताचा नंबर द्यायचे. त्याचा धंदा जोरात चाललाय, पोट सुटलंय. फोन मात्र मी बंद केला नाही. पोरीने खिशातला फोन आणून दिला तरी घरचा ठेवला, कारण व्हॅनवर तोच लिहिलाय.

तुझी आई गेली. हे आधी सांगायला हवं होतं, पण हात वळत नव्हता. त्यांना बसवत नव्हतं, म्हणून व्हॅनमध्ये पाइपांच्या मधे गादी घातली आणि दवाखान्यात न्यायला-आणायला लागले. मागून पुढचं काही दिसत नाही, मधे पत्रा आहे. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मागून आवाज आला, "हळू चालव रे, माझी हाडं खिळखिळी झालीत." मला म्हणत असत्या तर 'गं' म्हणाल्या असत्या. मी गाडी हळू केली. त्यानंतर प्रत्येक खेपेला त्या पत्र्याशी बोलायच्या. जेवलास का, बायकोशी नीट वाग, एवढा का वाळलास. मी दवाखान्यात दार उघडलं की विचारायच्या, तो कुठे गेला, आणि मी म्हणायचे, गाडी लावायला गेलेत. शेवटपर्यंत त्यांना तू परत आल्यासारखंच वाटलं. आपल्या घरात तुझी वाट न बघता गेलेलं एकच माणूस, त्या.

पोरीचा मात्र तुझ्यावर राग आहे आणि तो मी काढायला गेले नाही. तिला चांगली नोकरी लागली. पहिल्या वर्षातच तिने माझ्यासाठी एक छोटी गाडी घेतली. तीन महिने ती खाली कापड पांघरून उभी होती आणि मी तिच्या शेजारून व्हॅन बाहेर काढत होते. पोर चिडली. म्हणाली, "दुकान एवढं जवळ, आणि तू रोज तासभर कुठे भटकतेस गं? भाजी मंडईत मिळते, तू दवाखान्याच्या रस्त्याला काय करतेस?" मी म्हटलं, गाडीला फिरवलं नाही तर बॅटरी उतरते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला समजलं, तिला समजलंय.

तुला तरी आता सांगते. छोट्या गाड्या या शहरात कितीही आहेत, एकीसारखी दुसरी. त्यातल्या एकीत मी बसले तर तुला कशी दिसणार? बदक एकच आहे. म्हणून मी रोज ते फिरवत होते. सोमवारी बसस्थानक, मंगळवारी मंडई, कधी जुन्या गिरणीचा रस्ता, कधी नवे बंगले बांधतात तिकडे, कारण नळजोडणीचं काम तिथे असणार. कुठल्यातरी पायरीवर तू बसलेला असशील, मान वर करशील, बदक दिसेल. त्यातून व्हॅनमध्ये उंचावर बसायला मिळतं, बाकीच्या गाड्यांच्या टपांवरून फुटपाथवरचा माणूस न् माणूस दिसतो. सीट तुझ्याच मापाची ठेवलीय, पुढे ओढली नाही. पाठीला दोन उशा लावून चालवते. म्हटलं, तू आलास की उशा काढायच्या की झालं. एवढी वर्षं माझी पाठ दुखतेय ती त्यापायी, डॉक्टर काहीही म्हणोत.

गेल्या महिन्यात बसडेपोजवळ सिग्नलला मी थांबले होते. फुटपाथवर एक माणूस उभा होता. त्याच्या हातात लहान मुलाची पाण्याची बाटली होती, पट्ट्याची, पिवळी. त्याने बदकाकडे पाहिलं. अक्षरं वाचली, ओठ हलताना दिसले मला. मग मान वर करून काचेतून सरळ माझ्याकडे पाहिलं. चष्मा डावीकडे कललेला होता. मी दिवसभर लोकांचे चष्मे सरळ करते, कुणाचा कान खाली आहे हे मला लांबून कळतं, आणि तुझा डावा कान जरा खाली आहे, कितीदा काडी वाकवून दिली तरी तुझा चष्मा कलतोच. मी हात वर केला. तो वळला आणि शेजारच्या बोळात शिरला. धावला नाही, नेहमीच्या चालीने गेला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि व्हॅन अशी रस्त्याच्या मधोमध टाकून जाता येत नाही. मी वळसा घालून परत आले. बोळ पुढे मोठ्या रस्त्याला मिळतो. तिथे शाळा सुटली होती.

घरी येऊन मी पोरीला काही सांगितलं नाही. तो तू नव्हतास, असं मी ठरवलं. कलत्या कानाची माणसं जगात थोडी का आहेत.

पुढच्याच आठवड्यात व्हॅनचा क्लच गेला. गॅरेजवाले काका इतकी वर्षं तिला धरून-बांधून चालवत आलेत. दरवेळी तेच विचारतात, "ताई, जीव नाही हो राहिला हिच्यात, करू का?" आणि दरवेळी मी म्हणते, करा. या वेळीही त्यांनी विचारलं. मी बराच वेळ बदकाकडे बघत उभी राहिले आणि 'करा' म्हणालेच नाही. त्यांनी ती ढकलून घरी आणून लावली. उद्या सकाळी भंगारवाले येऊन ओढून नेणार आहेत. तुझे पाने टकल्याला दिले. तो घेताना रडला, मला नाही आलं रडू.

म्हणून हे पत्र. त्या दिवशीचा माणूस तू असलास, तर तुला हे वाचायची गरज नाही, तुला सगळं माहीत आहे. पण तो तू नव्हतास, असं मी ठरवलंय ना, मग तुला कळवायला हवं, नाहीतर तू बापडा बदक शोधत बसशील. परवापासून मी छोट्या गाडीतून जाईन. करड्या रंगाची आहे, तिच्यावर काही लिहिलेलं नाही, आणि ओळखू येईल अशी एकही खूण मला तिच्यावर सापडली नाही. तिच्यात बसलं की रस्त्यावरच बसल्यासारखं वाटतं, पुढच्या गाडीपलीकडचं काही दिसत नाही. दुकानाला मी जवळच्या रस्त्यानेच जाईन. पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्न होताच. तुझा पत्ता म्हणून मला व्हॅनच माहीत आहे, म्हणून ते समोरच्या काचेवरच्या उन्हाच्या झापडीमागे ठेवते, तू पेन्सिल खोचायचास तिथे. पेन्सिल अजून आहे, तिच्यानेच लिहिलंय. उशा काढून घेतल्यात, सीट तुझ्या मापाची तशीच आहे. उद्या ती ओढायला लागले की मागच्या दारावर दोन थापा मारीन. त्या दिवशी राहिल्या होत्या.

तुझीच,
अगं