मामाजींनी दिलेला शब्द

मु. चिचगाव, २४ एप्रिल १९५८

चि. लटारूस बाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कागदाच्या कारखान्यात तुझं बस्तान बसलं, वाचून बरं वाटलं. इकडची बातमी मात्र चांगली नाही.

तुझ्या भाऊजींच्या आजारपणात मामाजींनी घर सावकाराकडे गहाण ठेवलं. अक्षय तृतीयेपर्यंत पैसे आले नाहीत तर घर तुमचं, असं ते चार माणसांत बोलले, कागदातही तसंच लिहिलं. भाऊजी गेले, आता मुदतही गेली. परवा मामाजींनी जाळं आणि गाडगी उचलून तलावाच्या पाळीवर, तिथल्या बांधावरच, झोपडी घातली. जबान देल्ली तं देल्ली, म्हणतात. आपल्या ढिवरांत तलावातल्या मासळीचे वाटेसुद्धा तोंडच्या बोलीवर चालतात, तसंच त्यांनी घरही देऊन टाकलं. तुलेही निघा लागते, असं मला सांगून गेले. सासरा हट्टी आहे, पण इतका खरा माणूस की रागावताही येत नाही.

मी अजून घरातच आहे. कुठं जाऊ, ते कळव. आहे ती माया तशीच असू दे.

तुझी बाई, कुंता

बल्लारपूर, ३ मे १९५८

ती. कुंताबाईस शि. सा. न. वि. वि.

बाई, कुठंही जाऊ नकोस. काल कारखान्यातली पाळी संपल्यावर चांद्याला जाऊन वकीलसाहेबांना भेटलो. ते म्हणाले की मुदत टळली म्हणून गहाणाचं घर आपोआप सावकाराचं होत नाही, कागदात काही का लिहिलेलं असेना. त्याला कोर्टात जावं लागतं, आणि कोर्टही घरवाल्याला घर सोडवायला वेळ देतं. भाऊजींचा हिस्सा त्या घरात आहे, म्हणून सोडवायचा हक्क तुलाही आहे. जबान मामाजींनी दिली, तू कुठं दिलीस! कायदा एवढा भला आहे तर गावोगाव दवंडी का पिटत नाहीत, असं मी विचारलं. वकीलसाहेब नुसते हसले.

तेव्हा चूल पेटती ठेव. लहानपणी माझ्या वाटची बोरं पळवायला जेवढी हिंमत लागायची, तेवढी पुरे.

मामाजींना दंडवत. लोभात कमी पडू देऊ नये.

तुझा लटारू

चिचगाव, १७ जानेवारी १९५९

चि. लटारूस आशीर्वाद. वि. वि.

सावकारानं दावा लावलाच, आणि मी कोर्टात उभी राहिले रे! वकिलांनी पढवलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले की साहेब, घर माह्यं हाये, पैसाही मीच देईन. सावकाराच्या वकिलानं मुदतीचं कलम दाखवलं. न्यायाधीशसाहेबांनी ते शांतपणे वाचलं आणि गहाण ते गहाणच, असं सांगून पैसे भरायला सहा महिने दिले. त्या माणसाचं भलं होवो.

मामाजी आले नाहीत. दिल्या शब्दाविरुद्ध उभं राहणं त्यांना जमायचं नाही. पण रोज सकाळी मरळ-झिंग्यांची टोपली उंबऱ्याबाहेर ठेवून जातात. आत पाऊल टाकत नाहीत. घर सोडलं, सुनेले तं सोडलं नाई, म्हणतात. तीच मासळी मी ब्रह्मपुरीच्या बाजारात विकते. असा माणूस पाहिलास कुठं?

माया ठेव, आणि वेळेवर जेवत जा.

तुझी बाई

बल्लारपूर, २ फेब्रुवारी १९५९

ती. बाईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. सुकलू दोनदा डोळे पुसत होता, वर धूर लागला म्हणाला. मनिऑर्डर केली आहे. परत पाठवलीस तर भाऊबीजेला येणार नाही, सांगून ठेवतो.

तुझ्यावर आणि मामाजींवर जीव लावून असलेला,
लटारू

चिचगाव, ११ जून १९५९

चि. लटारूस आशीर्वाद. वि. वि.

घर सुटलं. काल कोर्टात शेवटची रक्कम भरली. आज सकाळी मामाजींना बोलवायला पाळीवर गेले. ते माझ्या मागं आले, पण दारात थांबले. मी म्हणाले की चला, तुमचं घर तुम्हाला मिळालं. त्यांनी मान हलवली. म्हणाले की म्या तं हे देऊन टाकलं होतं, सोडवलं तुनं, म्हणून घर आता तुह्यं हाये. मले अंदर येऊ देशीन का?

तुझे भाऊजी गेले त्यानंतर मी रडले नव्हते. आज रडले. पदर डोक्यावर घेऊन त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि या म्हणाले.

आत जेवायला बसलेत, भात वाढायचा आहे. जीव आहे तोवर लोभ असू दे.

तुझी बाई, कुंता