थायलंडवाल्याचं पुढं काय झालं

अण्णा, तो थायलंडवाला परत आला. खरंच आला. तुम्ही गेलात त्यानंतर काही महिन्यांनी तो विमानातून उतरला आणि विमानतळाच्या दारातच गुडघे टेकून त्यानं जमिनीला डोकं लावलं. पुण्यात कॉलेजच्या वाचनालयात इंग्रजी पेपरला फोटो होता. मी बराच वेळ त्या फोटोपुढं बसून राहिले. कारण हेच सगळं मी तुम्हाला आधी वाचून दाखवलं होतं, आणि दाखवलं तेव्हा ते खोटं होतं.

हे मी बातमीसारखं लिहून बघितलं, मग शेवटाकडून सुरुवातीकडं लिहून बघितलं, एकदा नुसते प्रश्न लिहिले. मला असले चाळे करायची सवय लागलीय. तुम्ही म्हणाला असता, "सरळ सांग की पोरी, हितं काय ग्रामसभा भरलीया?" म्हणून सरळ सांगते.

मी आठवीत होते, तुम्ही सरपंच होता, आणि गावाच्या वरच्या ठाकरवाडीला तुम्ही नळ आणला. त्याआधी तिथल्या बाया ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. गावातली माणसं पारावर म्हणायची, आधी आमच्या आळीला लाइन टाका, वाडीवर मतं तरी किती? तुम्ही कुणाचं ऐकलं नाही. पाणी आलं त्या दिवशी वाडीवरच्या मावशीनं, राखीव जागेवर मेंबर झालेल्या त्या मावशीनं, पहिला हंडा भरून तुमच्या पायांवर ओतला. चपला चिंब. घरी येऊन तुम्ही त्या उन्हात उभ्या करून ठेवल्या आणि एकटेच हसत बसलात. मी दारातून बघतेय. असा माणूस माझा बाप आहे, असं वाटून मला उगाच शेजारणीला हाक मारावीशी वाटतेय.

आणि ती लाइन आपल्या द्राक्षाच्या बागेतून वर जाते, तिथं तुम्ही पाणी वळवायचा एक वॉल बसवला. वर चपटा दगड. आई मला म्हणायची, "तिकडच्या कोपऱ्याला जाऊ नगं, चिखल हाय." भर उन्हाळ्यात चिखल. मला तेवढ्यावरनंच कळलं.

पुढं तक्रार झाली. दिवाळी झाल्यावर जुन्नरहून साहेब आले, लाइन धरून बागेतनं चालत गेले, चालत परत आले, चहा प्याले आणि लिहून दिलं की काही आढळलं नाही. तेव्हाचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो, तुम्ही चकित झाला होता. पण दोनच दिवसांनी ग्रामसभेत तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणालात, "वॉल दाखवा आन् मला गाढवावर बसवा!" माणसं हसली. मावशी मागं भिंतीला टेकून बसली होती, ती हसली नाही.

त्याच हिमतीवर तुम्ही द्राक्षबागायतदारांबरोबर आठ दिवस थायलंडला निघालात, अभ्यासदौऱ्याला. आळेफाट्यावर गाडीची वाट बघताना पानवाला म्हणाला, "सरपंच, थायलंडात द्राक्षं पिकत्यात व्हय?" सगळा फाटा खो खो हसला. तुम्हीही हसलात. आईनं आदल्या दिवशी तुमचे कपडे बॅगेत भरले होते, इस्तरी मोडेल इतक्या जोरानं दाबून.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी शिनोलीहून मामाचा फोन. "अक्के, तुमचं मेंबर दोन जीपा भरून भीमाशंकरला चाललंत. हितं टपरीवर चहाला थांबलंत. भावजींना सांग." कुठं सांगणार? सरपंचाला पाडायचं असलं की मेंबरांना आधी देवदर्शनाला न्यायचं आणि मतदानाच्या दिवशीच थेट ऑफिसापुढं उतरवायचं, म्हणजे मधे कुणी त्यांना फोडू शकत नाही. हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तुम्ही स्वतः असेच सरपंच झाला होता, सगळ्यांना ओझरला गणपतीला नेऊन. आईला ते आठवलं असणार, कारण फोन ठेवताना ती एवढंच म्हणाली, "फिरली म्हनायची जीप."

तुमचा अविश्वास ठराव एका मतानं पास झाला. जीपमधून उतरलेले सगळे विरोधात जाणार हे धरलेलंच होतं. पण वाडीवरची मावशी जीपमध्ये नव्हती. तिला न्यायची कुणाला गरजच वाटली नव्हती, ती तुमचीच होती. ती सकाळी डोंगर उतरून एकटी पायी आली, ऑफिसच्या पायरीवर पाय झटकले, आत गेली आणि तुमच्या विरोधात हात वर केला.

तुम्ही परत आलात तेव्हा फाट्यावर घ्यायला मी आणि आईच. हातात बॅग, गळ्यात कसलंतरी फुलाच्या नक्षीचं पदक. पानवालाच पहिल्यांदा बोलला, "या, माजी सरपंच." तुम्ही त्याच्याकडनं पान घेतलंत आणि घरी येईपर्यंत चघळत राहिलात. मग बॅग उघडलीत. आईला रेशमाचं कापड, जे तिनं कधी शिवलं नाही. मला पिवळ्या बामची इवलीशी बाटली. तुम्ही बोटानं माझ्या कपाळाला बाम लावत होता आणि सांगत होता, तिकडं निवडणूक चाललेली, भिंतीभिंतीवर एकाच माणसाचा हसरा फोटो. गाइडला विचारलं तर म्हणाला, खेड्यातली माणसं ह्याला देव मानतात, शहरातली चोर म्हणतात. "मी म्हनलं, दोन्ही एकाच टायमाला आसंल की," तुम्ही म्हणालात. बामनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी तुमच्याही डोळ्यांत होतं, आणि तुम्हाला तर बाम लावलेला नव्हता.

तेव्हापासून तो माणूस आपल्या घरातलाच झाला. त्याचं नाव तुम्हाला कधी उच्चारता आलं नाही. "थायलंडवाल्याचं काय?" पेपर आला की हाच प्रश्न. तो निवडून आला, त्यानं गरिबांचा दवाखाना स्वस्त केला, त्याच्यावर आरोप झाले, शहरातली माणसं त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, तो पुन्हा निवडून आला. आणि मग, तो परदेशात असताना, मागं फौजेनं त्याची खुर्ची काढून घेतली. ते वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की आई चुलीपासनं उठून आली. "आगं, ह्यालाबी बाहेरगावी आसतानाच पाडला!" हसता हसता तुम्ही उपरण्यानं तोंड पुसलंत आणि ते बराच वेळ तोंडावरच धरून ठेवलंत.

तोवर साखरेनं तुमचे डोळे गेले होते. मी दर शनिवारी पुण्याहून यायची. वाचनालयात इंग्रजी बातम्या बघून वहीत मराठीत लिहून आणायची आणि तुमच्या खाटेशी बसून वाचायची. गावात तुम्ही जात नव्हता. पायाचं बोट काढल्यावर मंचरच्या डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं, तर म्हणालात, "कुनाच्या दारावरनं चालू?" एका शनिवारी तुम्ही जेवला नव्हता. मी वही उघडली आणि जे नव्हतं ते वाचलं. तो परत आला, विमानतळावर खेड्यापाड्यातली माणसं फुलं घेऊन उभी होती, त्यानं जमिनीला डोकं लावलं. तुम्ही उठून बसलात.

"आधी कुठं गेला? घरी का हापिसात?"

"घरी. भात-मासे खाल्ले."

"चुकला. आधी पारावर जायाचं आसतं." आणि आईला हाक मारून तुम्ही भाकरी मागितलीत.

मग मी दर शनिवारी थोडंथोडं वाढवत नेलं. एकदा वाडीवरची मावशी करवंदं घेऊन तुम्हाला बघायला आली. तुम्ही तिला विचारलंत, "का गं, त्या दिशी हात का वर केलास?" ती खाटेच्या पायाशी बसली होती. "अण्णा, पानी तुमीच आनलं, न्हाई म्हनत न्हाई. पन उन्हाळ्यात आमी नळाला कान लावायचो, तर आतनं तुमच्या द्राक्षाचा आवाज यायचा." तुम्ही तिच्या करवंदातलं एक तोंडात टाकलंत आणि म्हणालात, "आंबट हायती." ती म्हणाली, "लई लवकर तोडली."

ती गेल्यावर तुम्ही मला वाचायला सांगितलंत. त्या दिवशी मला तुम्हाला काहीतरी मोठं द्यायचं होतं. मी वाचलं की कोर्टानं त्याच्यावरचे सगळे आरोप खोटे ठरवले. तुम्ही हसलात, दात न दाखवता. "पोरी, हे तू मनानं वाचतीयास. आशा मानसावरचं समदं खोटं नसतं. थोडं खरं आसतं, त्ये त्याला म्हाईत आसतं." मग माझा हात चाचपून तुम्ही विचारलंत, "त्या जुन्नरच्या सायबाला वॉल दिसला कसा न्हाई गं?"

छाटणीच्या काड्या मी टाकल्या होत्या, अण्णा. साहेब यायच्या सकाळी, शाळेच्या आधी. दगडावर चार मोळ्या अशा रचल्या की काढायला कुणाला सुचू नये. तुम्ही सांगितलं नव्हतं, आईनंही नाही. मावशीची लेक माझ्याच वर्गात होती, त्या उन्हाळ्यात ती तोंड न धुता शाळेला यायची. मला सगळं माहीत होतं. तरी टाकल्या, तुम्ही पडू नये म्हणून. त्या दिवशी वॉल सापडला असता तर तुम्ही चार शिव्या खाल्ल्या असत्या, तो उपटून टाकला असता, घरीच राहिला असता. मावशीला डोंगर उतरावा लागला नसता.

तुम्ही माझा हात धरून वाट बघत होता. ते सांगायची वेळ तीच होती. मी म्हटलं, "अण्णा, पुढं ऐका," आणि पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. हे त्याच पानावर लिहितेय.