पालथी प्रत

ती. धाकूमामांस,

पूर्णगडला तुमच्याकडेच निघालो होतो, पण कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं म्हणून इथेच थांबलो. काल तुमच्या कंपनीच्या वकिलांची आपल्या दाव्यातली फाईल प्रती काढायला आली. त्यात मॅनेजरने वकिलांना लिहिलेलं पत्र चुकून राहिलेलं: ‘क्रेनचा ब्रेक खराब असल्याचं मला माहीत होतं.’

मी एक प्रत जादा काढून आपल्या वकिलांकडे नेली. राजश्रीताईंनी ती न वाचता पालथीच ठेवली. म्हणाल्या, “वकिलाला विश्वासाने सांगितलेलं कोर्टही उघडायला लावत नाही. परत दे, मामांनाही सांगू नकोस. क्रेनच्या दुरुस्तीची वही मी कोर्टामार्फत कंपनीकडून मागवलेय, ती त्यांना द्यावीच लागेल.”

परत दिली. पण त्या क्रेनखाली हात गेल्यापासून तुम्ही जेवतानाही ‘चूक माझीच’ म्हणता, म्हणून हे लिहिलं. पोस्टात मात्र टाकणार नाही. रविवारी येतो. तुमच्या ताटातल्या माशाचे काटे काढीन आणि वही येईपर्यंत गप्प बसेन.

तुमचा बडबड्या भाचा,
सर्वेश