चहाच्या ग्लासावर पारखलेला रिपीटर

शनिवार, संध्याकाळ

तुकोगंजच्या ऑफिसात आज साहेबांचा सत्कार झाला. बेटम्याच्या जमिनीखालच्या टेलिफोन केबलवर आवाज पुढे ढकलणारा ट्रान्झिस्टर रिपीटर त्यांनी बनवला, म्हणे! उन्हाळ्यात जमीन तापली की तो शिट्ट्या मारायचा. एकेक ट्रान्झिस्टर गरम चहाच्या ग्लासाला टेकवून, तापल्यावरही न बिथरणारे कोणी निवडले? मी. पण मी दहावी नापास, म्हणून सर्किटच्या नकाशावर सही साहेबांची. तेव्हाच का नाही बोललो?

आज मला बघून साहेब माइकवर लाडाने म्हणाले, "अरे, हे आपले जोशीजी! सदा हातात चहाचा ग्लास. काय चहा पाजायचे, भिया!"

सगळे हसले. मीही हसलो, बावळटासारखा.

त्या ग्लासातला चहा कधी कुणी प्यायलाच नाही.